रोनाल्डो आला नाही, ते सोडा. एफसी गोवा आशियात खेळत होता तेव्हा भारतात लीग कुठे होती?

१५ ऑगस्ट २०२५. क्वालालंपूरमध्ये 'एएफसी चॅम्पियन्स लीग टू' या स्पर्धेचा ड्रॉ निघाला. ड गटात सौदीचा अल-नस्र, इराकचा अल-झवरा, ताजिकिस्तानचा इस्तिकलोल आणि चौथं नाव एफसी गोवा. त्या क्षणापासून सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरायला लागला. रोनाल्डो मडगावला येणार का?

हा प्रश्न दोन महिने पुरला. २२ ऑक्टोबरला फातोर्डा इथल्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सामना झाला, रोनाल्डो आला नाही आणि बहुतेकांसाठी स्पर्धा तिथेच संपली. सौदीबाहेरचे काही सामने टाळण्याची मुभा त्याच्या करारात असल्याच्या बातम्या आधीपासूनच येत होत्या, त्यामुळे यात धक्का बसण्यासारखं फारसं नव्हतंही.

पण या सगळ्या गडबडीत एक साधी गोष्ट मागे पडली. अल-नस्रविरुद्ध उतरेपर्यंत गोव्याच्या मुख्य संघाचा त्या मोसमात भारतातल्या एकाही स्पर्धेत एकही सामना झालेला नव्हता. लीग नाही, कप नाही, काहीच नाही. ते थेट आशियात खेळत होते.

आधी हे समजून घेऊ, रोनाल्डोचा संघ 'टू'मध्ये कसा?

आशियाई फुटबॉल महासंघाने म्हणजे एएफसीने २०२४-२५ पासून क्लब स्पर्धांचे तीन मजले केले. सगळ्यात वर 'एलिट', मग 'टू', मग 'चॅलेंज लीग'. सौदीतून २०२५-२६ च्या एलिटमध्ये लीग विजेता अल-इत्तिहाद, उपविजेता अल-हिलाल आणि आदल्या वर्षीचा एलिट विजेता अल-अहली असे तिघे गेले. अल-नस्र लीगमध्ये तिसरा आला होता, त्याच्या वाट्याला 'टू' आली. थोडक्यात, एकीकडे सादियो माने आणि जोआओ फेलिक्स ज्या संघात आहेत असा क्लब, आणि दुसरीकडे ज्याच्या देशातली लीग होणार की नाही हेच ठरलेलं नाही असा क्लब, दोघे एकाच गटात.

गोवा इथपर्यंत पोहोचला तो मात्र कुणाच्या मेहरबानीने नाही. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून त्यांनी सुपर कप जिंकला. त्या बक्षिसात 'टू'च्या पात्रता सामन्याचं तिकीट होतं. १३ ऑगस्टला ओमानचा अल-सीब फातोर्ड्याला आला. हा २०२२ चा एएफसी कप विजेता संघ. गोव्याने त्याला २-१ ने हरवलं, गोल देयान द्राझिच आणि हावी सिवेरिओचे. तीन महिन्यांहून जास्त काळ स्पर्धेचा सामना न खेळलेल्या संघाने हे केलं, हे लक्षात ठेवायला हवं.

मग गटसाखळी सुरू झाली आणि दम दिसू लागला. घरच्या मैदानावर अल-झवराकडून ०-२. ताजिकिस्तानात इस्तिकलोलकडून ०-२. अल-नस्रविरुद्ध १० व्या मिनिटाला अँजेलो गॅब्रिएलने आणि २७ व्या मिनिटाला हारून कामाराने गोल केले तेव्हा आता पाच-सहा खाणार, असंच वाटत होतं. पण ४१ व्या मिनिटाला गोव्याचाच पोरगा ब्रायसन फर्नांडिसने एक गोल फेडला आणि नंतरचा पूर्ण अर्धा डाव गोव्याने एका गोलाच्या फरकाने धरून ठेवला. शेवट १-२. हरलेल्या सामन्याचं कौतुक करायची आपल्याला जरा सवयच आहे, पण हे कौतुक रास्त होतं.

५ नोव्हेंबरला रियाधमध्ये ती भरपाई झाली. ०-४. चार सामने, शून्य गुण. उरलेल्या दोन सामन्यांनी चित्र बदललं नाही आणि गोवा गटातच बाहेर पडला.

मग लीगचं नेमकं काय झालं होतं?

इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल चालवायची 'एफएसडीएल' ही रिलायन्सशी संबंधित कंपनी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये १५ वर्षांचा करार करून व्यावसायिक हक्क दिले होते. त्या बदल्यात महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत. करार संपणार होता ८ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे मोसम ऐन रंगात आलेला असताना. तो वाढवायचा तर वाटाघाटी हव्या होत्या, पण महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. शेवटी ११ जुलै २०२५ ला कंपनीने क्लबांना कळवलं की मोसम तूर्त स्थगित.

ही 'तूर्त' सात महिने चालली.

क्लबांच्या बाजूने बघा. लीग नाही म्हणजे तिकीट नाही, प्रायोजक नाही, प्रक्षेपणाचा पैसा नाही. खेळाडूंचे करार मात्र चालूच. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे खेळाडू आणि स्टाफ यांचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली, नव्या भागीदारासाठी निविदा निघाली आणि ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत किती बोली आल्या? एकही नाही. रियाधमधला ०-४ आणि ही शून्य बोली यांच्यात फक्त दोन दिवसांचं अंतर आहे.

अल-नस्रचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवलं की फरक कळतो. त्यांची लीग ऑगस्टअखेर सुरू झाली होती. फातोर्ड्याला आलेला संघ सामन्यांत मुरलेला होता. गोव्याचा संघ सरावात मुरलेला होता. ७० व्या मिनिटाला पाय जड होतात तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

लीग असती तर गोवा जिंकला असता का?

इथे जरा जपून बोलायला हवं, कारण २०२३ चं उदाहरण आडवं येतं. तेव्हाही एक असाच प्रश्न व्हायरल झाला होता: नेमार पुण्याला येणार का? मुंबई सिटी एफसी तेव्हाच्या मुख्य चॅम्पियन्स लीगमध्ये अल-हिलालच्या गटात होती आणि घरचं मैदान म्हणून बालेवाडी निवडलं होतं. ऑक्टोबरमध्ये नेमारला दुखापत झाली. अल-हिलालचा सामना शेवटी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि मुंबई ०-२ ने हरली. त्या वर्षी आयएसएल नीट चालू होती. तरी मुंबईने सहाच्या सहा सामने गमावले.

म्हणजे लीग असून भागत नाही. पण त्याआधीची दोन वर्षं पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा या स्पर्धेच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि त्याने कतारच्या अल-रय्यानला दोनदा, अमिरातीच्या अल-वहदाला एकदा बरोबरीत रोखलं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. चॅम्पियन्स लीगमधला तो भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि मुंबई गटात दुसरी आली. दोन्ही वेळा भारतातला मोसम नुकताच संपलेला होता, खेळाडू पूर्ण लयीत होते. २०२३ पासून एएफसीने स्पर्धा शरद ऋतूत सुरू करायचं ठरवलं. आता आपले संघ आशियात उतरतात ते मोसमाच्या तोंडावर, अंग मोकळं व्हायच्या आत. गोव्याच्या वेळी तर मोसमच नव्हता.

कोलकात्याची गोष्ट वेगळीच. मोहन बागान याच स्पर्धेत दुसऱ्या गटात होता. पहिला सामना घरी तुर्कमेनिस्तानच्या अहलकडून ०-१ ने हरला आणि नंतर सेपाहानशी खेळायला इराणला गेलाच नाही. कारण सुरक्षेचं. २०२४ मध्येही तबरीझला जायला नकार देऊन ते स्पर्धेबाहेर झाले होते, तेव्हा निभावलं. या वेळी एएफसीने दंड आणि बंदी दोन्ही लावलं. परदेशी खेळाडूंना त्यांच्याच सरकारांनी इराणला न जाण्याचा सल्ला दिला होता, हे खरं. पण एकाच स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं असं झालं की गटातले बाकीचे देश भारताकडे कसं बघत असतील, याचा अंदाज येतो.

आता पुढे काय?

गोव्याने ७ डिसेंबरला फातोर्ड्यावर पुन्हा सुपर कप जिंकला. ईस्ट बंगालविरुद्ध गोल झालाच नाही आणि पेनल्टीवर ६-५. आयएसएलचं गाडं जानेवारीत क्रीडा मंत्रालयाने लक्ष घातल्यावर हललं आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून लीग सुरू झाली. १४ संघ, प्रत्येकाशी एकदाच सामना, एकूण ९१ लढती.

हे ऐकायला बरं वाटतं, पण एएफसीचा एक नियम आहे. आशियाई स्पर्धेत जागा हवी तर क्लबला मोसमात देशांतर्गत किमान २४ सामने मिळायला हवेत. छोट्या केलेल्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने. त्यात सुपर कपचे गटातले तीन, उपांत्य आणि अंतिम असे पाच मिळवा. म्हणजे सुपर कप जिंकलेल्या गोव्याचे होतात १८. बाकी कुणाचेही त्याहून जास्त होत नाहीत. म्हणून महासंघाला एएफसीकडे सवलतीसाठी हात पसरावे लागले. मैदानावर कमावलेलं तिकीट चालावं, यासाठी.