टाके सांगतात ते



भाद्रपद सरत आला की वसईच्या उन्हाचा रंग बदलतो. चार महिने ढगांआडून चोरट्यासारखे डोकावणारे ऊन आता अंगणात ठाण मांडून बसते. मग कुंपणावर, ओट्यावर, विहिरीच्या कठड्यावर गोधड्या पडतात. पावसाळ्याची कुबट दमट हवा त्यांच्या पोटात शिरलेली असते. ती बाहेर काढण्याचे हेच दिवस. नंदाखालच्या एका ओट्यावर परवा मला अशीच एक गोधडी पसरलेली दिसली. लाल लुगड्याची, आणि अर्धीच शिवलेली.

नंदाखाल हे विरारच्या पश्चिमेचे, आगाशी-बोळिंजच्या शेजारचे गाव. १५७३ साली स्थापन झालेले पवित्र आत्म्याचे चर्च, केळीच्या वाड्या, वाड्यांतली बावखले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे जन्मगाव ही त्याची ओळख आपल्यापैकी अनेकांना असेल. इथल्या कुपारी घरांतल्या जुन्या बायका लाल लुगडे नेसत. लुगडे अंगावर विरले की त्याचा दुसरा जन्म गोधडीत होई. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांनी एकही वर्ष गोधडीवाचून घालवलेले नव्हते. गेल्या वैशाखापर्यंत.

काकींचे वर्ष ठरलेले असते. उन्हाळ्यात जुनी लुगडी धुऊन, कडक वाळवून, उसवून ठेवायची. मे महिन्याच्या दुपारी ओट्यावर थर अंथरायचे: खाली धडके लुगडे, मध्ये विरलेली, वर पुन्हा धडके. मोठ्या टाक्यांनी थर एकमेकांना अडकवून घ्यायचे, आणि मग कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. पाऊस लागला की वाडीची कामे थांबतात, हात मोकळा होतो; गोधडीचा मुख्य भाग पावसातच शिवला जातो. आठ सप्टेंबरच्या माऊलीच्या सणापर्यंत ती पुरी करायची आणि शरदाच्या उन्हात वाळवून ज्याची त्याला द्यायची. ही गोधडी त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होती. बहीण त्र्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली, माणसे न ओळखणारी. मधल्या थरात दोघींच्या आईचे लुगडे घातले होते.

मे महिन्यात काकींच्या बोटात सुई गेली. त्यांना मधुमेह आहे. जखम चिघळली, पू झाला, तीन आठवडे पट्टी करावी लागली. त्यातच बहिणीच्या चादरीत एक सुई सापडली. सून घाबरली, कोणीही घाबरेल. तिने मला विचारले. तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्याच्या अधिकाराने मी सांगितले, ‘सुईचा डबा कपाटात ठेव. आता या वयात नको.’ डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागले.

माझा तो सल्ला चुकीचा होता. तो कसा चुकला, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

जून-जुलैत काकी दिवसा झोपू लागल्या आणि रात्री जागू लागल्या. जेवण कमी झाले. कोण आले, कोण गेले याची विचारपूस थांबली. सुनेला वाटले, थोरलीसारखेच हिचेही डोके जाऊ लागले. मलाही क्षणभर तसेच वाटले. ऑगस्टमध्ये एका उघडीपीच्या दिवशी मी ती अर्धी गोधडी कपाटातून काढून ओट्यावर पसरली आणि कडेपासून आत टाके पाहत गेले.

चैत्रात घातलेल्या बाहेरच्या ओळी आखल्यासारख्या सरळ, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. जसजसे आत जावे तसतसा टाका लांबत गेलेला. मग ओळी वाकड्या. काही ठिकाणी एकाच ओळीवर दुसरी ओळ चढलेली, काही ठिकाणी चार बोटे जागा कोरीच. आणि दोरा लालच. लाल लुगड्यावर लाल दोरा, कारण टाका दिसू नये हा काकींचा बाणा. ती गोधडी म्हणजे तीन महिन्यांचा आजाराचा कागद होता, आणि तो न वाचताच मी औषध लिहून मोकळी झाले होते.

दोन तपासण्या केल्या. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू सांगितला. मोतिबिंदूने केवळ अक्षरे पुसट होत नाहीत. एका रंगाची दुसऱ्यापासूनची वेगळीक मंदावते. लालावरचा लाल दोरा काकींना दिसतच नव्हता, त्या अंदाजाने शिवत होत्या. दुसरी गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती: रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत, हात झटकला की बरे वाटे. मनगटात नस दाबली गेल्याचे हे नेहमीचे लक्षण. मधुमेहात ते अधिक आढळते. डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. म्हणजे सुई टोचत होती ती वयामुळे नव्हे. एक कारण डोळ्यात होते, दुसरे मनगटात, आणि दोन्हींवर उपाय होता.

आपल्यापैकी जे घरातल्या वृद्धांची काळजी घेतात त्यांना माझी विनंती आहे. हातातले काम बिघडू लागले की काम काढून घेण्याआधी बिघाड पाहावा. भाजी चिरताना तुकडे लहानमोठे होतात का, रांगोळीची रेघ एकीकडेच सुटते का, बटणे लावायला वेळ लागतो का? असा फरक अचानक, एका दिवसात आणि एकाच बाजूला दिसला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हळूहळू झालेला फरकही ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मोतिबिंदू पिकेपर्यंत थांबायचे, शस्त्रक्रिया थंडीतच करायची, या समजुती जुन्या तंत्राच्या काळातल्या आहेत. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की डॉक्टरांशी बोलावे. ऋतू कोणताही असो.

सप्टेंबरात डबा कपाटाबाहेर आला, पण काही अटींवर. काकी आता सकाळी नऊ ते अकरा शिवतात. ऊन डाव्या खांद्यावरून येईल अशी खुर्ची ठेवलेली असते. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या कामावर मग हाताची सावली पडत नाही. खाली मांडी घालून बसणे बंद. गोधडी टेबलावर असते, तिचे ओझे मांडीवर किंवा मनगटावर येत नाही. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी. बोटात धातूचे अंगुस्तान. नात शाळेत जाण्यापूर्वी पाच सुया ओवून जाड कापडाच्या गादीवर खोचून ठेवते, आणि काम संपल्यावर सून त्या पाच मोजून घेते. पाच भरल्याशिवाय गोधडीची घडी होत नाही. रोज संध्याकाळी हातपायांची बोटे पाहायची, टोचले असेल तर धुऊन कोरडे करायचे. दोरा पांढरा. यावर मात्र तीन दिवस भांडण झाले. ‘सगळे टाके लोकांना दिसणार,’ ही काकींची तक्रार. शेवटी पांढऱ्या दोऱ्याची एक ओळ पुरी झाल्यावर त्यांनी ती हाताने चाचपली आणि गप्प राहिल्या.

अशा कामाने बुद्धी शाबूत राहते का, असे वाचक वारंवार विचारतात. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील केंद्रात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका गोधडीचाच प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वर्षांच्या २२१ जणांपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, गोधडी शिवायला शिकवले, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. इतर गटांतले लोक गप्पा-सहलींत किंवा घरच्या सोप्या विरंगुळ्यात होते. नवे कसब शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत अधिक सुधारली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा फरक जास्त ठळक होता. यातून स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध होत नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ती माणसे काहीतरी नवे शिकत होती. त्रेसष्ट वर्षे तोच धावदोरा घालणाऱ्या काकींना तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून नातीने मोबाइलवर त्यांना उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ दाखवली: कडेला तुकडे लावत लावत मध्याकडे सरकायचे आणि चारही कोपऱ्यांवर घडीची कापडी ‘फुले’ लावायची. काकींनी पहिले फूल चार वेळा उसवले. मला वाटते, ते उसवणेच औषधी होते.

गोधडी पूर्वी ठरली होती तशी मोठी होणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली जाड शिवण, गाठ किंवा ठिगळ आले तर तिथे दाब पडून जखम होते. तिथे सपाट, सुरकुती नसलेली चादरच हवी आणि ठरावीक वेळाने कूस बदलायला हवी. म्हणून गोधडी आता मांडीवर घेण्याएवढीच. वरच्या बाजूला आईच्या लुगड्याचा काठ, एक नाडी, मखमलीचा तुकडा. स्मृती हरवलेल्या माणसांचे हात सतत काही चाळवत असतात. त्यांना धरायला काहीतरी मिळावे, यासाठी. बटणे लावायची होती, पण ती तुटून तोंडात जाऊ शकतात, म्हणून वगळली. ओली गोधडी उचलणे काकींना मना आहे. ते सुनेचे काम. दम्याचे रुग्ण घरात असतील तर केवळ ऊन दाखवून भागत नाही. उन्हाने ओल जाते, पण धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कीटक मारायला साठ अंशांच्या आसपासचे कढत पाणी लागते.

अर्धी झालेली गोधडी काकी मागच्या रविवारी बहिणीकडे घेऊन गेल्या होत्या. बहिणीने त्यांना ओळखले नाही. काठ मात्र बोटांत धरला आणि परत द्यायला नकार दिला, तेव्हा जेवण होईपर्यंत सगळ्यांना थांबावे लागले.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. त्यानंतर काही दिवस शिवण बंद, असे डॉक्टरांनी बजावले आहे. काकींनी सुनेला दिवस मोजायला सांगितले. तिसरे फूल त्याआधी लावून होईल, चौथे राहील, असा त्यांचा हिशेब आहे.