तिकिटावरचे नाव

पोर्तुगीज अमदानीतील टपाल तिकिटे आमच्या पेडणे तालुक्यातील काही घरांच्या जुन्या दप्तरांत अद्याप सापडतात. त्यांपैकी काहींवर राजाच्या चित्रावरच ‘रेपुब्लिका’ हा शब्द छापलेला असतो. १९१० साली पोर्तुगालची राजसत्ता संपली आणि जुन्या तिकिटांवर नव्या राजवटीची ही मोहोर उमटली. तत्पूर्वी १८६६ साली हिंदुस्थान सरकारने सरकारी टपालासाठी तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला होता. तयार तिकिटावरील अशा वाढीव छपाईस संग्राहक ‘ओव्हरप्रिंट’ म्हणतात. राज्यकर्त्यांनी आपल्या तिकिटावर काय छापावे, हा त्यांचा अधिकार. परंतु एखाद्या व्यापाऱ्याने राणीच्या चित्रावर आपल्या पेढीचे नाव छापावे, हे नवलच. इंग्लंडात मात्र शेकडो पेढ्यांनी हे केले.

त्याचे मूळ चोरीच्या भयात आहे. टपाल तिकीट हे एका परीने नाणेच. कारकुनाने पेढीच्या पेटीतील चार तिकिटे खिशात घातली, तर ती कोणाची हे ओळखता येत नसे आणि त्यांचे पैसे सहज होत. म्हणून ऑक्सफर्ड युनियन सोसायटीने १८५९ च्या सुमारास आपल्या एक पेनीच्या तांबड्या तिकिटांवर ‘ओ. यू. एस.’ ही आद्याक्षरे छापून घेतली. काही पेढ्यांनी तिकिटाच्या पाठीवर, डिंकाच्या बाजूस, नाव घातले. १८६८ मध्ये जोसेफ स्लोपर यांच्या यंत्राने बारीक छिद्रे पाडून अक्षरे उमटविण्यास टपाल खात्याने संमती दिली. ही रीत पुढे हिंदुस्थानातील बँकांनी व पेढ्यांनीही उचलली.

छापील नावांना खरा बहर आला तो पावत्यांमुळे. दोन पौंड वा अधिक रकमेच्या पावतीवर तेथे एक पेनीचे तिकीट आवश्यक असे, आणि १८८१ पासून एकच तिकीट टपालास व पावतीस चालू लागले. तेव्हा पेढ्या तिकिटांचे ताव छापखान्यात पाठवून प्रत्येक तिकिटावर आपले नाव छापून घेऊ लागल्या. कित्येकदा तारखेपुरती जागा मोकळी असे. रोखपालाने दिनांक व सही घातली की काम झाले. चोरीस आळा बसला आणि लिहिण्याचे श्रमही वाचले. अशी तिकिटे पत्रावर मात्र चालत नसत. १९७१ साली पावतीवरील हा कर रद्द झाला आणि त्यासोबत ही प्रथाही सरली.

दीर्घकाळ संग्राहकांनी ही तिकिटे ‘बिघडलेली’ म्हणून बाजूस सारली. पुढे चोखंदळ अभ्यासकांच्या ध्यानात आले की, लयास गेलेल्या रेल्वे कंपन्यांची व दुकानांची नावे या कपट्यांवर जिवंत आहेत. जो डाग मानला गेला, तोच दस्तऐवज ठरला.

वाचकहो, हे आपल्याही घरचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९९ च्या कायद्यान्वये वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लागे, आणि १९०६ पासून टपालाचे तिकीटच त्या कामी चालू लागले. त्यावर आडवी सही किंवा पेढीचा शिक्का पडे. आमच्या हरमल परिसरातून मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या ट्रंकांत, तसेच इंदूर, बडोदे वा हैदराबादेस स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दप्तरांत, अशा पावत्या असणे स्वाभाविक आहे. जुने घर पाडताना त्या चुलीत जातात, नाही तर मुले हौसेने पावती भिजवून तिकीट सोडवितात. सुटे तिकीट कोठेही मिळेल. परंतु ते सोडविताच कोणी, कोणास, कशापोटी किती रुपये दिले, हे सारे पुसले जाते.

म्हणून एवढेच करावे. पावती अखंड ठेवावी. तिला चिकटपट्टी वा डिंक लावू नये. दमट हवेपासून जपावी आणि ती कोणाच्या हातची, हे निराळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. ते सांगू शकणारी वडील माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होण्याजोगे आहे.