काला अंबचे रक्त आणि मेंदूच्या वळ्या

दरवर्षी १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला अंब येथे माणसे जमतात. १७६१ च्या युद्धात इथली भूमी रक्ताने इतकी भिजली की आंब्याचे झाडही काळवंडले, अशी आख्यायिका आहे. ते झाड आज नाही. त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. तिथे माथा टेकवण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते या निमित्ताने समाजमाध्यमांवर फिरणारे वाक्य : ‘शौर्य आमच्या जनुकांतच आहे.’ पूर्वीची पिढी ‘रक्तातच आहे’ असे म्हणत असे. रक्त हे रूपक होते आणि रूपकाला पुरावा मागितला जात नाही. जनुक हा मात्र विज्ञानाचा शब्द आहे. तो वापरणाऱ्याने विज्ञानाची तपासणीही सोसली पाहिजे.

जनुकांतून शौर्य यायचे तर ते मेंदूच्या वाटेनेच येणार. तेव्हा जनुके मेंदू कसा घडवतात, हे आधी पाहिले पाहिजे.

मानवी मेंदूचे बाह्यपटल, म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचे असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभाग वळ्यांच्या खाचांत दडलेला असतो. गर्भाचा मेंदू मात्र आरंभी गुळगुळीत असतो. पहिल्या ठळक खाचा चौथ्या-पाचव्या महिन्यात उमटतात आणि बारीक वळ्या जन्माच्या आसपासपर्यंत घडत राहतात. याच कालखंडातील गर्भमेंदूंचे पाच हजारांहून अधिक सूक्ष्म छेद घेऊन आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशासंच जगासाठी खुला केला. आपल्या देशात घडलेले हे काम ‘आमची जनुके’ म्हणणाऱ्या किती जणांनी पाहिले असेल?

या घडणीत जनुकांचा वाटा निर्विवाद मोठा आहे. मेंदूच्या आतल्या पोकळीलगत मूळपेशी विभागतात. त्यांच्यापासून जन्मलेल्या चेतापेशी तंतूंच्या आधाराने वर सरकतात आणि थर रचतात. ‘एलआयएस १’ या जनुकात बिघाड झाला तर त्या वाटेतच अडकतात, मेंदू जवळपास सपाट राहतो आणि बाळाला तीव्र अपस्मार व बौद्धिक अक्षमता येते. ‘जीपीआर ५६’ बिघडले तर उलट असंख्य बारीक, वेड्यावाकड्या वळ्या पडतात. ‘एआरएचगॅप ११ बी’ हे जनुक केवळ मानववंशात आढळते. ते उंदराच्या गर्भात घातल्यावर मूळपेशी वाढल्या आणि काही गर्भांच्या सपाट मेंदूवर घड्या उमटल्या, असे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये ‘एलएचएक्स २’ जनुकाचे कार्य उलगडले. उंदराच्या गर्भात जिथे हे जनुक नसते, तिथल्या पेशी बाह्यपटल होण्याचे सोडून शेजारच्या ऊतीला हिप्पोकॅम्पस बनण्याचे संकेत देऊ लागतात.

या यादीत नेमके काय आहे ते नीट पाहावे. पेशींचे विभाजन, स्थलांतर, परस्परांना चिकटणे, एखाद्या भागाची ओळख ठरणे. त्यात धैर्य नाही, निष्ठा नाही, भालाफेकही नाही.

शिवाय वळ्यांचा आराखडा एकटी जनुके आखत नाहीत. बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा वेगाने फुगला की तो दुमडतोच. एल. महादेवन यांच्या सहकार्‍यांनी २०१६ मध्ये २२ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूची जेलची प्रतिकृती केली आणि ती द्रावात फुगवली. तिच्यावर खऱ्या मेंदूसारख्या वळ्या आल्या. त्या जेलमध्ये एकही जनुक नव्हते. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास तीच असतात, तरी त्यांच्या वळ्यांची नक्षी तंतोतंत जुळत नाही. आणि वळ्यांवरून श्रेष्ठत्व ठरवायचे झाले, तर डॉल्फिनचा मेंदू माणसाच्या मेंदूपेक्षाही अधिक वळ्यांचा असतो.

यावर आक्षेप येईल : स्वभावावर आनुवंशिकतेचा काहीच परिणाम नाही काय? आहे, ते नाकारणे अशास्त्रीय ठरेल. पण त्याचे स्वरूप समजून घ्यावे. २०२० मध्ये ५१ हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाह्यपटलाचे क्षेत्रफळ व जाडी यांच्याशी निगडित अशी जनुकसंचातील सुमारे २०० ठिकाणे त्यात सापडली आणि प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प होता. नुसत्या क्षेत्रफळाची ही कथा, तर शौर्याचे एक जनुक कुठून मिळणार?

वंशाचा हिशेबही तपासावा. १७६१ पासून सुमारे दहा पिढ्या झाल्या. दहाव्या पिढीमागे प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांतील कित्येकांकडून जनुकसंचाचा एकही तुकडा आलेला नसतो. हरियाणातील रोड समाजात अनेक जण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. २०१८ च्या एका अभ्यासात या समाजाचे प्राचीन स्टेप प्रदेशातील लोकांशी असलेले साम्य ठळकपणे दिसले. असे अभ्यास हजारो वर्षांपूर्वीच्या स्थलांतरांचा माग काढतात. ते धैर्य मोजत नाहीत. त्या समाजाच्या आपुलकीला जनुकीय प्रमाणपत्राची गरजही नाही.

खुद्द पानिपतच या दाव्याविरुद्ध साक्ष देते. भाऊंच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. त्याचे शौर्य कोणाच्या जनुकांतले म्हणायचे? रसद तुटलेली, छावणी उपाशी, तरीही सैन्य रणात उतरले. ते निर्णयाचे, शिस्तीचे आणि सोबत्यांवरील विश्वासाचे फळ होते. त्याला जनुकांचा परिणाम ठरवणे म्हणजे मेलेल्यांचे श्रेय त्यांच्या पेशींना देणे होय.

आणि हा वाद केवळ शब्दांचा नाही. एका जातीच्या जनुकांत शौर्य आहे असे मान्य केले, की दुसऱ्या जातीच्या जनुकांत भित्रेपणा, तिसरीच्या जनुकांत मठ्ठपणा आपोआप मान्य होतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलाला ‘तुझ्या रक्तातच गणित नाही’ असे सांगणारा याच वाक्याचा आधार घेतो. मेंदूची घडण जन्माने संपत नाही. चेतापेशींची जोडणी अन्न, भाषा, शाळा आणि सराव यांच्यासोबत वर्षानुवर्षे बदलत राहते. त्या मुलाचे भवितव्य त्याच्या आडनावात शोधणे हा अन्याय आहे आणि त्यासाठी जनुकशास्त्राचे नाव वापरणे ही शास्त्राची विटंबना आहे.

काला अंबला जावे, मान तुकवावी. जनुकांविषयी बोलायचे असेल तर मात्र प्रयोगशाळेतला पुरावा सोबत आणावा.