जखम जातीची, दोष मनाला?

वसतिगृहात जातीवरून टोमणे खाणारा आपला मुलगा समुपदेशकाकडे जातो, तेव्हा त्याला बहुधा काय ऐकावे लागते? ‘एवढे मनावर घेऊ नकोस!’ म्हणजे दोष मारणाऱ्याचा नाही, मार खाणाऱ्याच्या मनाचा! २००७ साली थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील जातिभेद चव्हाट्यावर आणला. २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. तरी छळ सोसणाऱ्यालाच दुबळा ठरवले जाते.

समुपदेशकाने आधी एवढे मान्य करावे, की अन्याय झाला आहे आणि त्याची चीड येणे हा आजार नाही. जात लपवण्याचा सल्ला देऊ नये. बाबासाहेबांचे नाव ताठ मानेने सांगणारी ओळख हेच त्या मुलाचे बळ आहे. मग उडालेली झोप, भीती, सुटलेला अभ्यास यांवर जरूर उपाय करावा. तक्रार करायची असेल तर पाठीशी उभे राहावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते. हा हक्क कागदावर राहू नये म्हणून समुपदेशकांच्या शिक्षणात जातिव्यवस्थेचा अभ्यास सक्तीचा करा, ही मागणी चळवळीने लावून धरावी. आणि आपल्या शिकलेल्या मुलामुलींनीही या पेशात उतरावे!