रेड्याला बोलायला का लावले?

पैठणच्या रेड्याची कथा मराठी माणसास नव्याने सांगावी लागत नाही. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहतात. ज्ञानदेव हे नाव ऐकून कोणी तरी कुत्सितपणे म्हणतो, की नावाचे काय घेऊन बसलात, तो समोरून येणारा रेडाही ‘ज्ञाना’च आहे. मुलगा शांतपणे उत्तर देतो, की त्या रेड्यात आणि माझ्यात भेद नाही, आत्मा एकच आहे. मग त्याच्या मुखातून वेद वदवून दाखव, अशी मागणी होते. मुलगा रेड्याच्या मस्तकावर हात ठेवतो, रेडा ऋचा म्हणू लागतो आणि सभा नमते.

आम्ही तिघे जालन्याच्या मस्तगड भागात राहणारे, महाविद्यालयात मराठी शिकविणारे अध्यापक. संतसाहित्याच्या तासाला ही कथा आम्ही प्रत्येकाने किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “सर, रेड्याला बोलायला का लावले? मुलगा स्वतः बोलतच होता ना?”

वर्ग हसला. आमच्यातील ज्याचा तो तास होता, तोही हसला आणि पुढे गेला. संध्याकाळी तिघे बसलो असता तो प्रश्न पुन्हा निघाला, आणि मग मात्र हसू आले नाही. माणसाचे माणूसपण कशात आहे, या विषयावर आजवर जे वाचले त्यापेक्षा अधिक त्या दोन वाक्यांत आहे, असे आमचे मत झाले. ते मत येथे मांडावयाचे आहे, आणि प्रचलित दोन मतांचा प्रतिवादही करावयाचा आहे.

पहिले मत निबंधाच्या वहीतले. ‘बुद्धी हेच माणसाचे वैशिष्ट्य’ हे वाक्य आपण शाळेपासून गिरवीत आलो आहोत. आहार, निद्रा, भय आणि मैथुन पशूंना व माणसांना समानच, असे सांगणारे एक जुने सुभाषित सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या एका पाठात माणसाचा विशेष म्हणून ‘धर्म’ सांगितला आहे, तर दुसऱ्या पाठात त्याच जागी ‘ज्ञान’ हा शब्द येतो. म्हणजे नेमका निर्णायक शब्दच परंपरेत स्थिर राहिलेला नाही. आधुनिकांनी तेथे ‘बुद्धी’ बसविली आणि प्रश्न सुटला असे मानले.

तो सुटलेला नाही. १९६० साली जेन गुडॉल यांनी गोंबेच्या रानात चिंपांझींना काडीची पाने ओरबाडून तिने वारुळातील वाळवी काढताना पाहिले, तेव्हाच ‘हत्यार घडविणारा एकमेव प्राणी’ ही आपली बिरुदावली गेली. २००२ साली ऑक्सफर्डमधील ‘बेटी’ नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीतले खाद्य वर काढले. राहता राहिले गणित आणि डावपेच. १९९७ साली संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरविले आणि तोही गड पडला. आता तर यंत्र निबंध लिहिते, कवितेचे रसग्रहण करते आणि ‘बुद्धी हेच माणसाचे वैशिष्ट्य’ या विषयावर आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा सफाईदार पाने भरते. साधनांची जुळणी, आकडेमोड आणि पाठांतर यांस बुद्धी म्हणावयाचे असेल, तर ती माणसाची मिरास नव्हे, हे स्वच्छ कबूल केले पाहिजे.

ही कबुली देण्याऐवजी अलीकडे बरेच जण दुसऱ्या मताच्या आश्रयास गेले आहेत. यंत्राला बुद्धी असेल, पण हृदय नाही. म्हणून भावना हेच माणसाचे खरे वैशिष्ट्य, असे ते मत. साहित्याच्या व्यासपीठांवर त्याला टाळ्याही पडतात. आम्हांस हे मत पहिल्यापेक्षा दुबळे वाटते. वासरू गेलेल्या गाईचे हंबरणे ज्याने ऐकले आहे, धनी आजारी पडल्यावर दावणीला बैलाने वैरण सोडलेली ज्याने पाहिली आहे, असा मराठवाड्यातील कोणताही शेतकरी या व्यासपीठीय सिद्धान्तास हसेल. माया, भय, शोक, मत्सर यांत आपण पशूंचे सोयरे आहोत. आणि भावना तेवढी माणुसकीची म्हणावी, तर जमावाने एखाद्याला ठेचून मारताना जी उसळते तीही भावनाच असते.

बुद्धिवाद म्हणजे भावनेचा द्वेष, हा या मताचा दुसरा गैरसमज. महाराष्ट्रातील बुद्धिवाद्यांचे अग्रणी गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले आणि त्यास नाव दिले ‘विकारविलसित’. ‘सुधारक’ काढण्यापूर्वीच या माणसाने विकारांच्या खेळाचा इतका अभ्यास केला होता. त्यांना विकार नष्ट करावयाचे नव्हते. विकारांसही कारण विचारता आले पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे होते.

येथे आम्ही आमच्या मुद्द्यावर येतो. मराठीत एक शब्द आहे : जाब. जाब विचारणे, जाब देणे. त्याचेच दुसरे रूप जबाब, आणि त्यापासून जबाबदार. आपण ‘जबाबदार माणूस’ असे सहज म्हणतो, पण त्या शब्दाचा अर्थ जबाब द्यावयास बांधलेला माणूस असा आहे, हे विसरतो. माणसाचे वेगळेपण आमच्या मते येथे आहे. तो विचार करतो, यात काही विशेष नाही. आपण जे केले ते का केले, जे मानतो ते का मानतो, हे त्याला दुसरा विचारू शकतो. त्यावर काही तरी उत्तर दिले पाहिजे असे त्याला वाटते. आणि दिलेले उत्तर टिकत नाही असे दिसले तर वागणे बदलण्याचा मार्ग त्याला खुला असतो. विवेक म्हणतात तो हाच. डोक्यातील एखादी शक्ती म्हणून तो शोधू गेल्यास सापडणार नाही, कारण तो दोन माणसांमधील व्यवहार आहे. कावळी तार वाकविते, पण दुसरी कावळी तिला ‘अशीच का वाकविलीस?’ असे विचारीत नाही.

यावर कोणी म्हणेल, की यंत्रही विचारल्यावर कारणे देते. देते खरे. परंतु त्याने दिलेल्या चुकीच्या उत्तराचा जाब आपण यंत्रास विचारीत नाही. ते बनविणाऱ्यास विचारतो, वापरणाऱ्यास विचारतो. चूक दाखविली की यंत्र तत्काळ क्षमा मागते, पण त्या चुकीने त्याचे काहीच जात नाही. पतही नाही आणि झोपही नाही. जबाब देणे वेगळे आणि जबाबदार असणे वेगळे.

हा भेद आम्हांस पुस्तकात नव्हे, एका रांगेत कळला. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही वार्ता देशभर पसरली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. मंदिरापुढे वाट्या-चमचे घेऊन माणसांची रांग लागली होती. ती माणसे मूर्ख मुळीच नव्हती. बियाणे आणि पोलाद यांच्या व्यवहारावर जगणाऱ्या जालन्याच्या व्यापाऱ्यास मूर्ख म्हणण्याचे धाडस कोणी करू नये; रांगेत तोंडी हिशेब करणारे होते, तसे शास्त्र शिकलेलेही होते. बुद्धी सर्वांचीच शाबूत होती. त्या दिवशी बंद पडला होता तो एकमेकांस कारण विचारण्याचा व्यवहार. आमच्यातील एकाने, ‘उंबऱ्याचा दगड दूध पितो का, तेही पाहू या’ असे म्हटले आणि थोरल्यांच्या हातची चपराक खाल्ली. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून दगडावर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. उंबऱ्याचा दगडही ‘प्याला’ असता. चपराकीचा राग आता उरलेला नाही. पण प्रश्नाला चपराक हे उत्तर असू शकत नाही, हे त्या दिवशी समजले.

आमच्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्यास बगल देऊन चालणार नाही. माणसाचे वेगळेपण ठरविण्याचा खटाटोप बहुधा कोणाला तरी माणसांतून वगळण्यासाठीच झाला, असा तो आक्षेप. तो खरा आहे. स्त्रीस बुद्धी नाही, शूद्रास अधिकार नाही, असे सांगताना ‘बुद्धी’ हीच मोजपट्टी वापरली गेली. परंतु वगळलेल्यांनी काय केले, तेही पाहावे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. तेव्हा आमच्या शेजारच्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. आम्हांस भावना आहेत म्हणून दया करा, असे त्या म्हणाल्या नाहीत. स्त्रियांच्या नावे लावलेला एकेक दुर्गुण घेऊन, तो पुरुषांत नाही काय, असा जाब त्यांनी विचारला. जोतीराव फुले यांनी त्यांची पाठराखण केली. बाकीच्यांनी उपहास केला, कारण उत्तर नव्हते.

महाडचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथील चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य माणसास मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले. ‘का नको?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी काठ्यांनी दिले गेले. प्रकरण न्यायालयात गेले, तेथे मात्र काठी चालत नाही; कारण द्यावे लागते. ही वहिवाट अनादि आहे, असे सवर्णांचे म्हणणे होते. ते सिद्ध करा, असे म्हटल्यावर ते सिद्ध झाले नाही, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. शतकानुशतकांची रूढी एका साध्या ‘कशावरून?’ पुढे उभी राहू शकली नाही.

म्हणून मोजपट्टी म्हणून वापरलेली बुद्धी आणि व्यवहार म्हणून चालणारा विवेक यांत आम्ही फरक करतो. मोजपट्टी माणसे वगळते; जाब विचारणे हे वगळलेल्यांचे हत्यार ठरले आहे. मग ज्यास बोलता येत नाही त्याचे काय? तान्हे मूल, मतिमंद व्यक्ती, स्मृती गेलेले वृद्ध हे जाब देऊ शकत नाहीत. ते माणसे नव्हेत काय? आमचे उत्तर असे, की त्यांच्याशी आपण कसे वागलो याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, आणि त्यांच्या वतीने तो विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मुक्या जनावराच्या बाबतीतही हेच. विवेक आपल्याला पशूंहून उंच आसनावर बसवीत नाही. तो एक जास्तीचे ओझे आपल्या पाठीवर ठेवतो.

हे ओझे नकोसे झालेल्यांची आपल्याकडे उणीव नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी आयुष्यभर केले ते एवढेच, की चमत्काराचा दावा करणाऱ्यास ‘सिद्ध करून दाखवा’ असे सांगितले. गोळी हे मत नव्हे. मत देता येत नाही याची ती कबुली असते.

आता पुन्हा पैठणला. ज्ञानदेवांनी सभेपुढे एक विधान केले होते : आत्मा एकच आहे. सभेचे काम होते ते विधान तपासण्याचे, खोडण्याचे किंवा मान्य करण्याचे. सभेने ते केले नाही. तिने चमत्कार मागितला. बोलणाऱ्या मुलाचे बोलणे तिला पुरेसे वाटले नाही. न बोलणाऱ्या पशूचे पाठांतर पुरेसे वाटले. कथा रचणाऱ्यांच्या मनात भक्तिभाव असेल, पण कथेने सभेची जी लाज काढली आहे ती विसरता येत नाही. ऋचा म्हणणे हेच श्रेष्ठत्वाचे लक्षण असेल, तर रेडाही श्रेष्ठ ठरतो. आणि ज्ञानदेवांचे खरे उत्तर रेड्याच्या मुखातून आलेच नाही. ते शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशास आले, सुमारे नऊ हजार ओव्यांतून, सर्वांस कळणाऱ्या मराठीत. त्या ग्रंथात श्रोते सतत समोर आहेत, वक्ता त्यांस विनवितो, दृष्टान्तामागून दृष्टान्त देऊन समजावितो. समोरच्यास समजले पाहिजे, त्याशिवाय पुढे जावयाचे नाही, ही त्या ग्रंथाची रीत आहे. चमत्काराला श्रोत्याच्या समजुतीची गरज नसते.

राहिला प्रश्न आमचा. आमच्याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खाची लक्षणे स्वतंत्र समासात सांगितली आहेत. तो समास आम्ही शिकवितो, त्यावर टिपणे उतरवून देतो, आणि तीच टिपणे उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी आली की पूर्ण गुण देतो. वीस वर्षे आम्ही वर्गात रेड्यांकडून ऋचा म्हणवून घेत आलो आहोत. यंत्राने लिहिलेली उत्तरे मुले आणून देतात म्हणून आज आम्ही कपाळावर हात मारतो. पण न समजता सफाईने म्हणून दाखविणे हेच शिक्षण, असे त्यांस शिकविले कोणी? यंत्र आमच्या वर्गात येण्यापूर्वी त्याची जागा आम्हीच तयार करून ठेवली होती.

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, तिला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. पुढल्या आठवड्यात आमच्यातील त्या सहकाऱ्याने वर्गात उभे राहून सांगितले, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझे हसणे चूक होते. ती लगेच म्हणाली, “पण सर, बरोबर का होता, ते सांगा ना.”

हा लेख त्याच जाबाचे उत्तर आहे. तो अपुरा असेल, तर तसे तिने सांगावे, वाचकांनीही सांगावे. कारण मात्र द्यावे.