किंमत उतरते, खर्च उतरत नाही

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच दिवशी ग्राहकांच्या स्वाधीन करण्यात आल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या ह्या एकत्रित खरेदीची देशभर चर्चा झाली. मराठवाड्याकडे केवळ दुष्काळी प्रदेश म्हणून पाहणाऱ्यांना तो एक धक्काच होता. त्या मोटारींच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२५ मध्ये पुरी झाली. मधल्या काळात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी ह्या नावांच्या मोटारी महानगरांतून आणि जिल्ह्याच्या शहरांतूनही जुन्या बाजारात येऊ लागल्या, आणि एकेकाळी केवळ उद्योगपतीच्या दारात दिसणारी गाडी आता नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी किमतीत, विकावयास उभी असलेली दिसते.

साहजिकच प्राध्यापक, बँकेतील अधिकारी, सरकारी कचेरीतील वरिष्ठ लिपिक अशा मंडळींच्या मनात एक प्रश्न डोकावू लागला आहे. तेवढ्याच पैशात नवी, पण पत्र्याने हलकी अशी गाडी घ्यावयाची, की आठ-दहा वर्षे वापरलेली आलिशान सेडान? मोह समजण्यासारखा आहे आणि त्याची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. भक्कम बांधा, जादा एअरबॅग, लांबच्या प्रवासात पाठ न दुखविणारे आसन ह्या गोष्टी खऱ्याच आहेत. तथापि रोज सकाळी कामावर जाणाऱ्याला मोटारीकडून सर्वांत आधी हवी असते ती वक्तशीरपणाची हमी. साडेदहाच्या मस्टरवर सही करणाऱ्याच्या दृष्टीने गाडीची विश्वासार्हता म्हणजे वर्षाच्या सुमारे अडीचशे कामाच्या दिवसांपैकी किती दिवस ती विनातक्रार चालली, एवढाच हिशेब. लेटमार्क लावणारा अधिकारी गाडीच्या नाकावरचे चिन्ह पाहत नाही.

घसाऱ्याचे गणित

मोटारीची किंमत किती वेगाने घसरते, हे विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या कोष्टकावरून कळते. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षाअखेर पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस, मग तीस, मग चाळीस, आणि पाचव्या वर्षाअखेर पन्नास टक्के. त्यापुढील किंमत विमा कंपनी व ग्राहक यांनी आपसांत ठरवावयाची. आलिशान मोटारींच्या बाबतीत बाजार ह्या कोष्टकापेक्षाही निष्ठुर असतो, कारण त्या घेण्याची ऐपत असलेल्या बहुतेकांना नवीच हवी असते.

परंतु ह्या कोष्टकाने किंमत उतरते, खर्च उतरत नाही. चाळीस-पन्नास लाखांची मोटार दहा वर्षांनी आठ-दहा लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिचा पुढचा दिवा, तिचे टायर आणि तिचे ब्रेक पन्नास लाखांच्याच मोटारीचे राहतात. सुटे भाग विकणारा दुकानदार आपण गाडी कितीला घेतली हे विचारीत नाही. विम्याचा आधारही वयानुसार पातळ होत जातो. नेहमीच्या सर्वंकष विम्यात रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर, टायर व बॅटरीवर पन्नास टक्के घसारा कापला जातो; आणि गाडी दहा वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांवरही तेवढाच. म्हणजे अपघातानंतर बदलाव्या लागणाऱ्या महागड्या भागाचा निम्मा भार मालकाच्या खिशावर. त्रयस्थ व्यक्तीच्या दायित्वाचा हप्ता तर वयाकडे पाहतच नाही. २०२२ च्या दरपत्रकानुसार दीड हजार घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाला वर्षाला ७,८९७ रुपये, तर एक हजारांपर्यंतच्या छोट्या मोटारीला २,०९४ रुपये.

पूर्वीच्या पिढीला जुन्या गाडीचा अनुभव आहे, पण तो वेगळ्या गाड्यांचा. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर रस्त्यात बंद पडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना आणि तारेचा तुकडा घेऊन ती निदान घरापर्यंत पोहोचवीत असे. त्या गाड्या वारंवार बिघडत, पण स्वस्तात दुरुस्त होत. आजची आलिशान मोटार बहुधा क्वचित बिघडते, आणि बिघडली की मालकाला हतबल करते. विश्वासार्हतेची तुलना करताना बिघाडांची संख्या मोजून भागत नाही. प्रत्येक बिघाडाने किती दिवस आणि किती पैसे खाल्ले, हेही मोजावे लागते.

यंत्राचे म्हातारपण

ह्या महागड्या बिघाडांची मुळे त्या गाडीच्या वैभवातच असतात. धक्के न जाणवावेत म्हणून स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या बसविलेल्या असतात. रबराला वयाने भेगा पडल्या की एका सकाळी गाडी एका अंगाने बसलेली आढळते. इंजिनाच्या थंडाव्याच्या यंत्रणेतील प्लास्टिकच्या नळ्या आणि सांधे उष्णतेने ठिसूळ होतात. डझनावारी संगणकीय पेट्या एकमेकींशी बोलत असतात. बॅटरी अशक्त झाली तरी त्या परस्परविरोधी तक्रारी पडद्यावर झळकवू लागतात. काही डिझेल इंजिनांत टायमिंगची साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असते. साखळी काही हजारांची, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन अथवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

त्यात रोजच्या ये-जा करण्याचा स्वभाव अशा गाडीला मानवणारा नव्हे. भारत-सहा मानकांनंतरच्या, म्हणजे २०२० पासूनच्या, डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. काही जुन्या परदेशी बनावटीच्या गाड्यांतही ती आहे. ही गाळणी स्वतःला स्वच्छ करते ती गाडी मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग वेगाने धावली तरच. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दीड तास काढणाऱ्या गाडीला ती संधी कोठून मिळावी? कमी जाडीचे टायर खड्ड्यांत फुटतात. पावसाळ्यात पाणी हवेच्या मार्गाने इंजिनात शिरले तर आतील दांडे वाकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात गेलेल्या मोटारींत सर्वांत अवघड दुरुस्ती ज्यांत विजेची उपकरणे अधिक अशांचीच होती.

म्हणून आलिशान मोटार मुळातच बेभरवशाची असते, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. टोयोटा कंपनीने १९८९ मध्ये लेक्सस ह्या नावाने पहिली मोठी सेडान अमेरिकेत आणली. ऐषाराम आणि टिकाऊपणा एकत्र नांदू शकतात, असा लौकिक तिने पुढे मिळविला. जर्मन गाड्याही वेळच्या वेळी तेल, गाळण्या आणि रबरी भाग बदलत गेल्यास दोन-अडीच लाख किलोमीटर सहज जातात. मुद्दा असा, की दहा वर्षांच्या गाडीची विश्वासार्हता कारखान्यात ठरत नाही. ती आधीच्या मालकाच्या सवयींवर ठरते. त्या सवयी ग्राहकाला दिसत नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे.

अज्ञानाचा बाजार

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या-वाईट सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगले विक्रेते बाजारातून काढता पाय घेतात, आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. काही नियतकालिकांनी परत पाठविलेल्या ह्या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गाडी जितकी गुंतागुंतीची, तितके हे अज्ञान महाग पडते.

ह्यावर उपाय नाही असे नव्हे. मोटारीने कापलेल्या अंतराचा आकडा मागे फिरविण्यास अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना तिच्या किलोमीटरचा इतिहास सांगणारे प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. प्रत्येक गॅरेजने तो आकडा नोंदवावयाचा असतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत नोंदलेला आकडा कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम करून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक केले, आणि एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याचा रोख मालकी आणि दायित्वावर आहे, गाडीच्या प्रकृतीवर नाही. वास्तविक प्रत्येक मोटारीला ठरावीक मुदतीने धूरतपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि दरवर्षी विम्याचे नूतनीकरण करावे लागते. ह्या दोन प्रसंगी किलोमीटरचा आकडा आणि मोठ्या अपघाताची अथवा पाण्यात बुडाल्याची नोंद सरकारी वाहन-नोंदणीत घालून ती ग्राहकाला खुली करणे फार खर्चाचे नाही. लिपिकाची आयुष्याची पुंजी ज्या व्यवहारात गुंतते, त्यात एवढे सत्य त्याला मिळावयास हवे.

तोपर्यंत कायद्याच्या घड्याळाचेही भान ठेवावे लागेल. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ह्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल मोटारींवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. २०२५ मध्ये त्यात काही सवलत मिळाली. ह्या अनिश्चिततेमुळे तेथील आलिशान डिझेल मोटारी स्वस्तात अन्य राज्यांत आल्या. त्या येथे आणल्यावर आपल्या राज्याचा कर भरून पुन्हा नोंदणी करावी लागते, हे दलाल शेवटी सांगतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळल्याने दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या जुन्या चारचाकीचे इंधनमान सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता.

मग घ्यावी की नाही? ज्याच्या घरात कामावर पोहोचण्याचे दुसरे खात्रीचे साधन आहे, ज्याच्या शहरात त्या बनावटीची जाणती कार्यशाळा आहे, ज्याने गाडीची सर्व्हिसची सर्व बिले पाहून ती त्रयस्थ तंत्रज्ञाकडून तपासली आहे, आणि खरेदीच्या रकमेपैकी निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला आहे, त्याने खुशाल घ्यावी. गाडी त्याला आनंद देईल. परंतु जिची एकमेव गाडी हीच असणार आहे, कर्जाचा हप्ता पगारातून जाणार आहे आणि जवळचे सुसज्ज गॅरेज शंभर किलोमीटरवर आहे, त्या तालुक्याच्या गावच्या शिक्षिकेने हा मोह आवरावा. तिला शाळेच्या घंटेआधी पोहोचविणारी साधी गाडीच तिच्यासाठी अधिक प्रतिष्ठेची आहे.