वेडा ठरविलेल्या माणसाचे स्थान

वस्तीत कोणास क्षय झाला, कोणाचे अपघातात हाड मोडले, तर शेजारीपाजारी पाहावयास जातात. कोणी भाकरी बांधून पाठवितो, कोणी दवाखान्यात रात्र काढतो. परंतु ज्याच्या चित्तास विकार जडला आहे त्याच्या घराची वाट थोड्याच दिवसांत ओस पडते. त्याच्या समाचारास कोणी जात नाही. लोक त्याच्याकडे बघतात ते रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याची दुसरी कड सोसली, त्या समाजाने आपल्यातील एका दुर्बळ माणसास तीच कड दाखवावी, ही गोष्ट वाचकहो, सहज सोडून देण्यासारखी नाही.

कोणी बोलत नसता कानात आवाज येणे, सारे जग आपल्या वाईटावर उठले आहे असा ठाम ग्रह होणे, बोलण्याची संगती तुटणे, माणसांतून अंग काढून घेणे, ही या विकाराची लक्षणे होत. डॉक्टर त्यास मनोविकृती म्हणतात. तिचा दीर्घकाळ टिकणारा प्रकार म्हणजे स्किझोफ्रेनिया. तो बहुधा ऐन तारुण्यात येतो. घराने ज्याच्या शिक्षणावर आशा ठेवली असेल नेमक्या त्याच मुलास वा मुलीस धरतो. 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढ माणसांत हजारी चारच्या आसपास लोक त्या वेळी अशा विकाराने आजारी आढळले आणि त्यांतील चारांपैकी तिघांस उपचार मिळत नव्हता. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. तथापि तेच प्रमाण धरले, तर 2011 च्या शिरगणतीत 38 लाख 76 हजार वस्तीच्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असे सुमारे दहा हजार लोक निघतील. हे दहा हजार लोक कोठे आहेत? बहुतेक आपापल्या घरात, आतल्या खोलीत आहेत.

त्यांस प्रथम कोठे नेले जाते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. देव्हारा घरातून गेला, परंतु देवऋषी गेला नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतूनही, मुलगा असंबद्ध बोलू लागला की ‘बाहेरचे काही असेल’ अशी कुजबुज सुरू होते आणि अमावास्येची वाट पाहिली जाते. नरबळी आणि जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2013 चा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झाला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. साखळीचा परिणाम कोठवर जातो हे तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी दिसले. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमास पहाटे आग लागली. आजारी माणसे साखळीने जखडलेली होती. पळता न आल्यामुळे 28 जण जळून मेले. मंदिर असो, दर्गा असो वा चर्च असो, साखळी सर्वत्र सारखीच.

औषध आहे, आणि ते घेतले पाहिजे. 1952 साली पॅरिसमध्ये अशा रुग्णांस क्लोरप्रोमाझीन प्रथम देण्यात आले. तेव्हापासून हे आवाज आणि हे ग्रह पुष्कळांच्या बाबतीत आवरता येतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. भरती करून घेणाऱ्या जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी आपणांस जवळचे रत्नागिरीचे, म्हणजे आंबा घाट उतरून सुमारे सव्वाशे किलोमीटर. रोजावर जाणाऱ्या बापास एका भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते; मग भेटी विरळ होतात आणि गोळ्याही. परंतु गोळ्या नियमाने घेतल्या असे धरले तरी प्रश्न संपत नाही. आवाज शमले, मुलगा घरी आला. आता त्याने करावे काय? त्यास कोणी कामावर घेत नाही, मित्र बोलत नाहीत, लग्नकार्यात त्यास मागच्या दाराशी बसवितात. औषधामुळे अंग जड होते, हात कापतात, वजन वाढते. घरचे त्यास आळस म्हणतात. वर्षभराने तो गोळ्या टाकून देतो आणि घाटाची वाट पुन्हा सुरू होते.

या ठिकाणी शेजारच्या जिल्ह्यातील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. सातारा, गोवा व तामिळनाडू या तीन ठिकाणी 282 रुग्णांचा अभ्यास झाला व 2014 साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 95 जणांस दवाखान्यातील नेहमीचा उपचार मिळाला. उरलेल्या 187 जणांच्या घरी, त्या उपचाराबरोबरच, गावातीलच साधारण शिकलेले पण या कामासाठी तयार केलेले कार्यकर्ते जात राहिले. औषध चालू आहे की नाही पाहणे, घरच्यांस आजार समजावून देणे, रोजचे काम पुन्हा अंगवळणी पाडणे, हे त्यांचे काम. बारा महिन्यांनी या दुसऱ्या गटाची लक्षणे व असमर्थता काहीशी अधिक कमी झाली. हा लाभ मोठा नव्हता, आणि तो मुख्यतः तामिळनाडूत दिसला; सातारा व गोवा येथे फारसा फरक पडला नाही. आमच्या मते या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. वर्षभर कार्यकर्ता घरी येऊनही रुग्णाच्या वाट्याची हेटाळणी आणि घरच्यांवरील भार यांत उल्लेखनीय घट झाली नाही. ती होणार कशी? कार्यकर्ता घरात गेला, परंतु हेटाळणी घराबाहेर राहते. ती आपण करतो. पगारी कार्यकर्ता आपल्या जागी येऊन ती बंद करू शकत नाही.

कोल्हापूरच्या वाचकास हे समजावयास परदेशी ग्रंथ नकोत. गंगाराम कांबळे यांची गोष्ट येथे घरोघरी ठाऊक आहे. राजवाड्याच्या नोकरीतील या माणसास सवर्णांच्या पाण्यास शिवला म्हणून मार बसला. शाहू छत्रपतींनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांस चहाचे दुकान घालून दिले. दुकान झाले, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून सर्वांदेखत चहा घेऊ लागले. भांडवल दिले तेवढ्याने काम भागले नव्हते. अस्पृश्याच्या हातचा चहा लोकांसमोर प्यावा लागला. मनोरुग्णास औषध देणे म्हणजे दुकानाचे भांडवल देणे होय. त्याच्या हातचा चहा कोणी प्यावयाचा, हा प्रश्न त्यानंतर उरतो आणि त्याचे उत्तर डॉक्टरापाशी नाही.

आपल्या धम्माच्या परंपरेत तर या प्रश्नाचा रीतसर निर्णय झालेला आहे, आणि तो आपल्या प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते. पटाचारेची कथा सांगितली जाते. पती, मुले, आईबाप सर्व गमावून भान हरपलेल्या त्या स्त्रीस लोक हाकलीत होते आणि भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले. परंतु गग्ग भिक्षूची हकीकत किती जणांस माहीत आहे? विनयपिटकात ती दोन ठिकाणी येते. गग्गाचे चित्त भ्रमले होते. त्यास उपोसथाची आठवण कधी राही, कधी राहत नसे; तो कधी संघात येई, कधी येत नसे. आता संघ समग्र असल्यावाचून उपोसथ होऊ शकत नाही. मग काय करावे? त्यास काढून टाकावे? भगवंतांनी तसे सांगितले नाही. संघाने ठराव करून त्यास उन्मत्त भिक्षू म्हणून संमती द्यावी. तो आला तर उत्तम, न आला तरी संघाचे कार्य अडत नाही आणि त्याचे भिक्षुत्वही जात नाही, असा निर्णय दिला. नियम माणसासाठी वाकविला. माणूस नियमासाठी मोडला नाही.

दुसरा प्रसंग याहून मोलाचा आहे. गग्ग बरा झाला. वेडाच्या भरात त्याच्या हातून पुष्कळ अनुचित गोष्टी घडल्या होत्या. इतर भिक्षू त्यास वारंवार टोचू लागले: तू असे केलेस, तू तसे बोललास, आठवते काय? तो सांगे, मी भ्रमिष्ट होतो, मला स्मरत नाही. तरी टोचणे थांबेना. तेव्हा भगवंतांनी अमूढविनय नावाची तरतूद केली. बऱ्या झालेल्या भिक्षूने संघापुढे मागणी करावी आणि संघाने जाहीर करावे की त्या काळातील कृत्यांबद्दल यास पुढे कोणी दूषण देऊ नये. टोमण्यापासून मुक्तता हा बऱ्या झालेल्या माणसाचा हक्क आहे, असे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ठरले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 नंतरच्या काळात रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा मागोवा घेतला. सतत दोष काढणाऱ्या घरात परतलेले लोक अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडतात असे त्यांस आढळले. पुढे चंदीगडमध्येही असा अभ्यास झाला. तेथे दोष काढणारी घरे लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्या बायाबापड्यांची सोशिकता अगदीच निष्फळ नाही.

येथे एक आक्षेप निघेल: ‘बोलावयास सोपे आहे, तो अंगावर धावला तर?’ आक्षेप खोटा नाही. ज्या आईने अशा मुलाचा मार खाल्ला आहे तिला उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु या विकाराचे बहुसंख्य लोक कोणाच्या अंगावर जात नाहीत. उलट मार खाण्याचा प्रसंग त्यांच्यावरच अधिक येतो. कठीण काळासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मध्ये तरतूद आहे. रुग्णास स्वतःचे बरेवाईट कळत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, तीस दिवसांपर्यंत भरती करता येते. धोका असेल तर पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यानेही मदत केलीच पाहिजे. मात्र त्यास कोठडीत डांबता येत नाही. साखळी तर या कायद्याने कोणत्याही प्रकारे वर्ज्य आहे.

हा अधिनियम आपण वाचला पाहिजे, कारण त्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे. माणसाचा सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक समूह वा सामाजिक दर्जा यांवरून, किंवा समाजात रूढ असलेल्या श्रद्धा तो मानीत नाही एवढ्यावरून, त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही असे त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. देव बाहेर काढणाऱ्यास गावाने वेडा म्हटल्याच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांस याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. एकोणिसावे कलम समाजात राहण्याचा हक्क देते. घरचे घेत नाहीत, घर नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणास रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही, आणि दरम्यानची निवासगृहे उभारणे हे सरकारचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात काय घडले? बऱ्या झालेल्या रुग्णांस भिकारीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयास तो थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. आपल्या शासनास हे शोभणारे नव्हते.

स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे. ‘लग्न केले की सुधारेल’ म्हणून आजार लपवून मुलाचे लग्न लावितात. मुलगी आजारी पडली की तिला माहेरी आणून सोडतात. बौद्धांनाही लागू असलेल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचे नाव आहे. कुष्ठरोग हे कारण 2019 साली वगळले गेले. हे मात्र राहिले. तरीही 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावे लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सुनेस घराबाहेर काढणाऱ्यांस हे कोणीतरी ऐकविले पाहिजे.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 1997 साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली; स्वतःच्या घरात हा आजार पाहिलेल्या या गृहस्थांनी रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून बोलतील अशी जागा केली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड या संस्थेने 1984 पासून चाकाच्या खुर्चीवरील माणसे काम करून मिळवती होतात हे दाखविले आहे. मानसिक आजार हे दिव्यांगत्व होय, असे 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही मानतो. तेव्हा आपल्या विहारांनी पैशाची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी विहार या कुटुंबांसाठी उघडे ठेवावे. त्या दिवशी प्रवचन नको, नुसते बसणे असावे. सतरंज्या घालणे, ग्रंथालयाची नोंदवही ठेवणे ही कामे आजारातून उठणाऱ्यास द्यावीत, आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर गग्गाची आठवण ठेवावी. इचलकरंजीत ज्यांचे यंत्रमाग आहेत त्यांनी कांड्या भरण्याचे चार तासांचे काम अशा एका माणसास द्यावे. पूर्ण पाळी त्यास झेपणार नाही, चार तास झेपतील.

महिला मंडळांनी एक गोष्ट करावी: प्रमिलाराजे रुग्णालयात जाण्याच्या दिवशी त्या आईबरोबर पाळीपाळीने एक बाई जावी. शासनाचा टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. तो फुकट आहे व मराठीत बोलता येते. ज्यांस घरातून काढले आहे किंवा दाखला नाकारला आहे त्यांचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावेत. 2017 च्या अधिनियमान्वये त्यांस वकील मोफत मिळतो. आणि जिल्ह्यासाठी एक दिवसभराचे पुनर्वसन केंद्र व एक निवासगृह मागणारे निवेदन येत्या वर्षावासात प्रत्येक तालुक्यातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. त्यावर पहिल्या सह्या आजारातून उठलेल्यांच्या असाव्यात. कार्यकर्त्यांच्या सह्या त्यांच्या खाली येतील.